न्यूयॉर्कच्या फोटोतली आमलीची खोली

कल्पू, इकडे ये. हातातलं काम ठेव आणि जवळ बस, हे लांबून ऐकण्यासारखं नाही. मान खाली घालू नकोस, मी मारणार नाही. मारण्याचं वय माझंही गेलं आणि मार खाण्याचं तुझंही. पण बोलणार आहे. फोनवर तुझं "आई, कशी आहेस" होईपर्यंत बूथमधल्या मशीनवर आकडे पळायला लागतात, मग माझ्या तोंडून "बरी आहे" एवढंच निघतं. बरी नाही मी. रागावलेली आहे, म्हणून लिहिते. वाकडंतिकडं असेल तर चालवून घे. शाळेत मी किती गेले ते तुला ठाऊक आहे. अक्षरं पक्की झाली ती सिल्वासाला आल्यावर, इथल्या आमलीतल्या दुकानांच्या पाट्या वाचून, आणि त्यातल्या निम्म्या गुजराती.

मी गाव सोडलं तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस. तुझे नाना पुढे आले होते, सिल्वासात सूत बनवायच्या कारखान्यात लागले होते. दोंडाईच्याच्या एसटी स्टँडवर माझे वडील आम्हाला सोडायला आले. पत्र्याची पेटी त्यांनी डोक्यावरून आणली आणि टपावर स्वतः चढवली, हमालाला हात लावू दिला नाही. रडले नाहीत. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "जास ते जाय माय, पन येवानी वाट मोडू नको."

तू न्यूयॉर्कला गेलीस ती विमानानं. मध्ये काच होती. पलीकडून तू हात हलवत होतीस, जावई बॅगा मोजत होते. वडिलांचं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, पण काचेतून काय ऐकू जाणार? मनात म्हटलं, हिला सांगायची गरज नाही, हिला कळतं.

आता तुझ्या पुस्तकाविषयी. सुरतेचे तुमचे मित्र आणून देऊन गेले. वजनाला पाट्यासारखं. जुन्या न्यूयॉर्कचे फोटो, तिकडच्या लोकांच्या पणजोबांच्या काळातले. आधी मी आनंदानं बघितलं, खोटं कशाला बोलू. घोड्यांच्या गाड्या, हातगाडीवर मासे आणि कोबी, या घरातून त्या घरात दोऱ्या आणि दोऱ्यांवर चड्ड्या वाळत घातलेल्या. म्हटलं, वा, साहेबाच्या देशातही चड्ड्या वाळत घालाव्या लागतात. वाचून दाखवायला शाळेतल्या सावंतबाई येत होत्या, कोकणातल्या, आपल्या मागच्याच गल्लीत राहतात. चहा घ्यायच्या आणि चष्मा सावरत एकेक पान सांगायच्या.

एका पानात तू चिठ्ठी घालून ठेवली होतीस. "आई, ही बिचारी मुलं बघ. कसे जगत असतील गं हे लोक?"

फोटोत एक खोली आहे. भिंतीवर भांडी, कोपऱ्यात चूल, मधोमध टेबल. टेबलाभोवती आई, मांडीवर तान्हं, शेजारी तीन पोरं. सगळे कागदाची फुलं करतायत, टोपीवर लावायची. सावंतबाईंनी खालचं वाचलं: इटलीहून आलेलं कुटुंब, घरी बसून काम करतं, मुलं शाळेतून आली की तीही बसतात. मग बाईंनी पुस्तक मिटलं नाही, नुसता चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ताई, ही तुमचीच खोली की हो."

कसे जगत असतील म्हणे. कल्पू, तू विचारतेस हे?

दिवसपाळीचे शिरपूरचे दोघे भाऊ रात्री आपल्या ओट्यावर झोपायचे, आणि सकाळी नाना रात्रपाळीहून आले की त्यांचीच गोधडी पांघरायचे. ती गोधडी कधी गार झाली नाही. त्या दोघांच्या भाकरी मी थापायची, आणि भाकरी उरकल्या की आपलं पोतं उघडायचं. अथालकडच्या प्लास्टिकच्या कारखान्यातून बाटल्यांची झाकणं यायची, पांढरीशुभ्र. साच्यातून निघताना कडेला पातळ कोर राहायची, ती अर्ध्या ब्लेडनं काढायची. मी, तू, आणि सुट्टीच्या दिवशी नाना. सगळ्या चाळीत बायका झाकण धरून ब्लेड फिरवायच्या. तू झाकण डाव्या अंगठ्यावर टोपीसारखं चढवलंस आणि ब्लेड जागेवर ठेवून झाकणच फिरवलंस. एवढीशी होतीस. चाळीतल्या बायका तुझ्याकडे बघायला आल्या आणि दोन दिवसांत सगळी चाळ तुझ्यासारखी झाकणं फिरवायला लागली. नाना कारखान्यात सांगत सुटले की माझ्या पोरीनं मशीन काढलंय.

त्या फोटोतली लहान पोरगी अंगठ्यावर फुलाची तार तशीच धरते गं. मी बोटानं चाचपून बघितलं.

आणि ब्लेड सटकलं तेही तुला आठवत असणार. अंगठा उघडा पडला. मी हळद दाबून चिंधी बांधली, पण तू रडत होतीस ती अंगठ्यासाठी नव्हे, पांढऱ्या झाकणांवर रक्त सांडलं म्हणून. माल न्यायला ठेकेदार आला, स्कूटरवरून न उतरताच पोत्यात डोकावला. "बेन, आ माल नय चाले." पोतं ओट्यावर उलटं केलं आणि निघाला. मी त्याला अहिराणीत जे काही बोलले, त्यातलं त्याला एक अक्षर कळलं नसेल, पण पुढचे दोन महिने तो माल घ्यायला स्वतः आला नाही, भावाला पाठवायचा. त्या संध्याकाळी आपण सोड्याच्या पाण्यात एकेक झाकण धुतलं.

आता ऐक, मी का पेटले. गेल्या महिन्यात फोनवर माझा नातू मला म्हणतो, "आजी, मम्मीच्या अंगठ्याला आंबा कापताना लागलं होतं ना? तुमची आंब्याची बाग होती ना?" आंब्याची बाग. अगं, आपल्याकडे एक तुळस होती, तीही डालड्याच्या डब्यात. मी त्याला खोटं सांगितलं नाही आणि खरंही नाही. म्हटलं, आईला नीट विचार बाळा.

कुणा इटलीच्या बाईच्या खोलीचं पुस्तक तू विकत घेतेस, चकचकीत कागदात बांधून समुद्रापलीकडे आईला पाठवतेस. तिच्या पोरांसाठी तुझा जीव तुटतो. आणि तुझी स्वतःची खोली तू पोराला आंब्याची बाग म्हणून सांगतेस. त्यांचे हाल म्हणजे इतिहास आणि आपले हाल म्हणजे लाज, हे तू कुठल्या कॉलेजात शिकलीस? त्या बाईची नातवंडं आज त्याच शहरात असतील. तुझ्या शेजारीही असतील. ती हा फोटो भिंतीवर लावत असतील, आमची आजी म्हणून.

राग तुझ्या एकटीवर नाही. आमचे फोटो काढायला कोण आलं होतं? नानांच्या कारखान्यात नवं मशीन बसलं तेव्हा वापीहून फोटोवाला आणला. नाना धुतलेला शर्ट घालून उभे राहिले. तर मॅनेजर म्हणाला, बाजूला व्हा रे, मशीन झाकतंय. सगळे बाजूला झाले. तो फोटो ऑफिसात बरीच वर्षं होता, त्यात मशीन होतं आणि हारवाले पाहुणे होते. नाना घरी येऊन हसत सांगत होते. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. आता ते नाहीत, तर त्यांच्या जागी बोलायला कोण? मी. आणि माझ्यानंतर तू. तू आंबे सांगणार?

तुझं पत्र आलं की डिसेंबरात नणंदेच्या लग्नाला मुंबईला येताय. आई, तूच तिकडे ये, हॉटेलात दोन दिवस राहू, सिल्वासात डास आहेत, पाणी चांगलं नाही, मुलाला सोसणार नाही. याच पाण्यावर तू बारावीला पहिली आलीस. मी मुंबईला येणार नाही. गुडघ्याचं कारण सांगता आलं असतं, पण नाही सांगत. मला बोलवायचं नाही, तुम्ही यायचं.

तू लिहितेस, आई, आता गावी जाऊन राहा ना, ते आपलं घर. गेल्या दिवाळीत गेले होते. माझ्या भावजया चांगल्या आहेत, मी दारात दिसले की धावत जाऊन खुर्ची आणतात. पदर खोचून चुलीपुढे बसू देत नाहीत. जिथं आपल्याला खुर्ची देतात ते घर आपलं राहिलेलं नसतं, हे मला तिथं कळलं. माझं घर ही आमलीची खोली आहे, पत्र्याची. हिच्याबद्दल मला कुणाला काहीही रचून सांगावं लागत नाही.

तुझं घर कुठलं ते तू ठरव. पण पोराला एकदा इथं आण. वापीला उतरा, मी रिक्षा पाठवते. दारात बसव त्याला, त्याच्या हातात तुझा डावा अंगठा दे आणि काय झालं होतं ते तुझ्या तोंडानं सांग. मी मध्ये बोलणार नाही. भाकरी करत असेन. डास चावतील, चावू देत. आणि तुम्हाला कुणालाही खुर्ची मिळणार नाही, जमिनीवर बसायचं. लवकर ये, कल्पू.