भिंतीकडे तोंड केलेला फोटो

मोखाड्याला गाडी सुरू झाली तरी आया माझा हात सोडेना. आईला आम्ही आयाच म्हणायचो. जव्हार संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी खटपट करून मला मुंबईच्या कलाशाळेत जागा मिळवून दिली होती. मी फोटोग्राफी शिकणार होतो. "कामाला नाय जात, मंग जातोस कशाला?" आयाने विचारलं. आमच्या सूर्यमाळचा माणूस मुंबईला जायचा तो मजुरीला, तेव्हा तिचंही बरोबरच होतं. मला मात्र हे जमणार याची खात्री होती.

पाड्यावर राहिलेल्यांनो, मुंबईच्या त्या शाळेत वर्षभर आम्ही नुसता उजेड बघायला शिकलो. खिडकीतून तो गालावर कसा वळतो, कुठे विझतो. शहरातली मुलं कंटाळायची. कुडाच्या फटींतून येणारा उजेड बघत वाढलेल्याला कसला कंटाळा? डार्करूम, निगेटिव्ह, एक्स्पोजर हे शब्दही लवकरच तोंडात बसले.

शेवटच्या परीक्षेला जवळच्या माणसाचं पोर्ट्रेट हवं होतं. मी आया ठरवली. तिची भीड चेपावी म्हणून आधी माझाच फोटो गावी पाठवला. उन्हाळ्यात घरी गेलो, तर तो खिळ्याला टांगलेला, तोंड भिंतीकडे.

"जित्या माणसाचा वीर करतात का रं?" आया म्हणाली.

आमच्यात माणूस गेला की त्याची आकृती लाकडावर किंवा दगडावर कोरतात, तो वीर. जिवंत माणसाची मांडत नाहीत. लेकाचा फोटो टाकवेना, म्हणून तिने उलटा लावला होता. मी हसलो, समजावलं, रुसलोसुद्धा. तिने चेहरा काही काढू दिला नाही. शेवटी डोक्यावर हंडे घेऊन ती चढ चढत असताना मागून फोटो काढला.

"चेहरा कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"तिने दिला नाही," मी म्हणालो. "पाठीवरचा उजेड बघा, ती कळेल."

त्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. मी पास झालो, तोही चांगला.

पुढे स्टुडिओ थाटला, चेहऱ्यांवरच पोट भरलं. आया गेली आणि तिचा चेहरा तेवढा माझ्याकडे नाही. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? भावाने तिचा वीर कोरून घेतला, पण त्यात ती मला सापडत नाही.

माझा फोटो मात्र अजून त्याच खिळ्याला आहे. पाड्यावर गेलो की आधी त्याची कोरी, पिवळी पडलेली पाठ बघतो. माझं घर तिथे आहे. भाऊ माझा वीर म्हणून तो सुलटा करील तेव्हा मी नसेन. तोवर तिथे माझी वाट बघतात.