आक्कांची दुपारची सिस्टर

नमस्कार. या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचत आले आहे, लिहायची मात्र ही पहिलीच वेळ. वाचायचे तेही करमणूक म्हणून. मी नर्स आहे. वॉर्डात माणसं गेलेली पाहिली, त्यांच्या नाकात कापूस घातला आणि शेजारच्या खोलीत बसून डबा खाल्ला. कुणी कधी उठून बसलं नाही. 'सिस्टर, तुम्हाला कधी काही दिसलं का हो?' असं विचारणाऱ्यांना मी सांगायचे, दिसतात ना... 'आलोच सिस्टर' म्हणून चहाला गेलेले नातेवाईक. तेवढेच काय ते गायब होतात.

तर हे लिहिताना मला भीती वाटत नाही. लाज वाटते. भीती असती तर कधीच सांगून मोकळी झाले असते.

मी मूळची नांदेडकडच्या नायगावची. दवाखान्यातली नोकरी सुटल्यावर लातूरला घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम धरलं. औसा रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीत हे घर होतं. तळमजल्यावर पुढच्या खोलीत आक्कांचा पलंग, मागे स्वयंपाकघर, आणि बाहेरून गच्चीवर जाणारा जिना. आक्का निलंग्याकडच्या. जन्मभर शेतात राबलेल्या. नवरा गेल्यावर धाकट्या मुलाकडे लातूरला आल्या आणि वर्षभरात अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, दोन-चार शब्द तेवढे उरले. मुलगा ज्युनियर कॉलेजात, त्यांना मी सर म्हणायचे. सून शाळेत शिक्षिका, त्यांना वहिनी. दोघं सकाळी बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत घरात आक्का आणि मी.

मी रुजू झाले तेव्हा आक्कांच्या माकडहाडावर जखम झालेली होती. एकाच अंगावर पडून राहिलं की होते ती. डॉक्टर तपासून म्हणाले, "सिस्टर, ही हाडापर्यंत गेली तर आजी हातच्या जातील. दर दोन तासांनी कूस बदलायची. बाकी औषध काय, नावापुरतं." सरांचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, सर, काळजी करू नका, ते माझं कामच आहे.

काम मी करत होते. सकाळचं अंग पुसणं, ड्रेसिंग, नळीनं पेज, गोळ्या... सगळं वेळेवर. पण दुपार झाली की मला ती खोली नको व्हायची. आक्का बोलत नाहीत, टीव्ही बघत नाहीत, नुसत्या दाराकडे बघत पडून असतात. मग मी गच्चीवर जायची, टाकीच्या सावलीत बसायची आणि मोबाईल. कधी लेकीशी बोलणं, ती नायगावला माझ्या आईकडे असते. कधी रील्स. आणि बऱ्याचदा हेच पान, तुमचे भुताखेताचे अनुभव. हसत हसत वाचायचे. दोन तासांची कूस कधी तीन तासांवर जायची, कधी राहूनच जायची. खोलीत कॅमेरा होता, पण तो बंद असल्याचं वहिनींनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

आणखी एक सांगायलाच हवं. आक्कांनी जन्मभर नऊवारी नेसलेली. आजारपणात सोयीसाठी त्यांना गाऊन घालत होतो. डायपर बदलायला घेतला की त्या डोळे घट्ट मिटून घ्यायच्या आणि डाव्या हातानं छातीवर चाचपडत नसलेला पदर ओढायच्या. तो हात सारखा मधे यायचा. मी तो धरून बाजूला ठेवायची, दरवाजा उघडाच, आणि भराभर काम उरकायची. 'आक्का, हात मधे आणू नका हो,' एवढंच बोलणं.

दिवाळीनंतर एक गोष्ट लक्षात यायला लागली. मी गच्चीवरून खाली येई तर आक्का दुसऱ्या कुशीवर असायच्या. पाठीला उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मधे घडी केलेली चादर, टाच गादीला टेकू नये म्हणून पायाखाली छोटी उशी. पुस्तकात दाखवतात अगदी तसं. डायपर कोरडा. आणि अंगावर एक जुनं हिरवं लुगडं, त्याचा पदर त्यांच्या डाव्या हातात. ते लुगडं कपाटातल्या तळच्या खणात असायचं.

मला वाटलं, वहिनी मधल्या सुट्टीत येऊन जातात. शाळा जवळच होती. खरं सांगू? मला त्याचा रागच आला. आपल्यावर पाळत ठेवतात आणि तोंडावर काही बोलत नाहीत, असं वाटलं. मग मीही काही बोलले नाही. विचारलं असतं तर 'तुम्ही कुठं होता?' हा प्रश्न आधी आला असता. लुगड्याची घडी घालून मी ते पुन्हा कपाटात ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पुन्हा अंगावर. म्हटलं, चला, आपलं काम हलकं होतंय.

जखम भरत आली. कडेनं गुलाबी कातडी धरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी पण मान खाली घालून हसले, लाजल्यासारखी.

मग तो गॅदरिंगचा प्रकार झाला. लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं आणि तिला नाचासाठी घागरा हवा होता. मी गंजगोलाईच्या बाजारातून घेऊन ठेवला होता. दुपारच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे पिशवी दिली की माझा भाऊ नांदेडला उतरवून घेणार होता. मी आक्कांना पेज दिली, घराला बाहेरून कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली आणि रिक्षा करून स्टँडवर गेले. गाडी उशिरा लागली. मी रसवंतीवर बसून रस प्यायले. परत यायला चांगले दीड-दोन तास गेले. कुलूप मीच उघडलं. आक्का डाव्या कुशीवर होत्या. जाताना मी त्यांना उताणं ठेवून गेले होते.

मी मागे जाऊन कुलूप पुन्हा एकदा बघितलं. पण दुसरी किल्ली वहिनींकडे असते, त्या येऊन गेल्या असतील, आणि मी घरात नाही हे त्यांना आता कळलंय... भीती वाटली ती त्याचीच. भलतंसलतं काही डोक्यातही आलं नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सर म्हणाले, "सिस्टर, जरा बसा. बोलायचंय."

वहिनीही समोर बसलेल्या. सरांच्या हातात मोबाईल.

"कॅमेरा दिवाळीतच दुरुस्त करून घेतला मी," सर म्हणाले. "तुम्हाला सांगायचं राहून गेलं. परवा कॉलेजात बसल्या बसल्या सहज उघडला, तर बघतच राहिलो..."

संपलं, म्हटलं. नोकरी तर गेलीच, गावभर नाव होणार.

सरांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या आईचं एवढं मी पोटचा पोरगा असून केलं न्हाई. तुमचे लई उपकार हायत."

मला काही समजेना. मग वहिनींनी मोबाईल माझ्या हातात दिला. "बघा तरी. मी तर रडलेच."

व्हिडिओत आक्कांची खोली. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. घागऱ्याचा दिवस, मी स्टँडवर होते ती वेळ. पलंगाजवळ मी उभी. माझाच पांढरा कोट, केसांना माझाच लाल चाप, मनगटावर माझं घड्याळ. ती आधी खोलीचं दार लोटते. खिडकीचा पडदा ओढते. कपाट उघडून हिरवं लुगडं काढते, आक्कांच्या अंगावर पसरते आणि पदराचं टोक त्यांच्या डाव्या हातात देते. मग वाकून त्यांच्या कानाशी बोलते. आवाज माझाच, पण मी कामावर बोलते तसा नाही... नायगावला आईशी बोलते तसा.

"आक्का, मी हाय. वळवते बरं का आता. हात टाक माज्या गळ्यात. लाजू नको माय... तुजं वझं न्हाई मला."

आक्कांनी हात टाकला. डोळे उघडे होते त्यांचे. लुगड्याच्या आतूनच तिनं डायपर बदलला, कुठं काही उघडं पडू दिलं नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. मी परीक्षेत लिहिलंही होतं. कूस बदलून झाल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली आणि आक्कांच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तेवढ्यात तिनं मान वळवली, चेहरा अर्धा दिसला. माझाच होता.

"वहिनी," मी कसंबसं विचारलं, "तुम्ही दुपारी येत होता ना मधल्या सुट्टीत?"

"मी?" वहिनी हसल्या. "आमच्या शाळेत गेटच्या बाहेर पाय ठेवू देतात होय? तुम्ही असताना मला यायची गरज काय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. 'सर, ही मी नाही, मी घराला कुलूप लावून रस पीत होते,' एवढंच वाक्य. जिभेवर आलंही होतं. पण सर डोळे पुसत होते, वहिनींनी कुंकू लावून माझी ओटी भरली, नवी साडी दिली... आणि मी ती घेतली. वाकून दोघांना नमस्कारसुद्धा केला. आज हे आठवलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं.

जुने व्हिडिओ आपोआप पुसले जात होते. सरांनी तेवढा एकच बहिणीला पाठवायला म्हणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले नाही. दार लोटलं, पडदा ओढला, लुगडं पसरलं, पदर आक्कांच्या हातात दिला. पहिल्यांदाच त्यांच्या कानाशी वाकले. शब्द पाठ झालेले होते. "आक्का, मी हाय. वळवते बरं का. तुजं वझं..."

आक्कांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे कितीतरी वेळ बघितलं. मग हातातला पदर सोडून दिला.

"तू न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले स्पष्ट शब्द. त्यांनी दाराकडे नजर वळवली. "ती."

त्यानंतर मी एकही दुपार चुकवली नाही. दोन तासांची कूस दोन तासांनीच. आक्का करून घ्यायच्या सगळं, पण डोळे मिटून. आणि मधून मधून दाराकडे बघायच्या. ती पुन्हा आली नाही. फक्त दोन-तीनदा मी सरांना न सांगता मुद्दाम गच्चीवर जाऊन बसले, आक्कांसाठी तरी यावी म्हणून. खाली आले तर आक्का ठेवल्या होत्या तशाच.

उन्हाळ्याच्या आधी आक्का गेल्या. सकाळच्या वेळी, शांतपणे. अंगावर कुठं जखम नव्हती. अंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, एवढी पडून होती पण अंग कसं फुलासारखं ठेवलंय. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तेराव्यानंतर वहिनींनी ते हिरवं लुगडं माझ्या हातात दिलं. "तुम्हीच घालत होता त्यांच्या अंगावर. तुमच्याकडंच राहू द्या."

हे सगळं मी फक्त माझ्या आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "कीर्तनात सांगतेत बघ. भक्त पूजेला बसल्याला आसतो, अन देव त्येचं रूप घिऊन त्येचं काम करून येतो."

"आई, मी पूजेला नव्हते बसले. मी मोबाईल बघत होते."

"हाव की," आई म्हणाली. "मंग तुज्यासाटी कशाला यील? त्या म्हातारीसाटी आला आसंल."

देव होता की आणखी काय, कॅमेऱ्याची काही गडबड होती का, मला माहीत नाही. एका ओळखीच्या कॅमेरा बसवणाऱ्या पोराला आडून विचारलं, तर तो म्हणाला, ताई, तारीख-वेळ चुकू शकते, पण न झालेली गोष्ट कशी काय दिसेल? तारीख चुकली असंच धरून चालले असते मी. पण मी तशी कुठल्याच तारखेला वागले नव्हते.

तो व्हिडिओ सरांच्या नातेवाइकांत फिरला. त्याच्या जिवावर मला आता नांदेडला काम मिळालं आहे. एका रिटायर्ड मास्तरांच्या घरी, त्यांच्या पत्नी पडून असतात. पहिल्याच दिवशी त्यांच्या मुलीनं विचारलं, "व्हिडिओतल्या सिस्टर त्या तुम्हीच ना?" मी हो म्हटलं.

आता मी दार लोटते, पडदा ओढते, हात लावायच्या आधी सांगते, सगळं व्हिडिओत आहे तसं. आजींची मुलगी म्हणते, अगदी तस्संच करता हो. मी मान हलवते. आणि लुगड्याचा पदर आजींच्या हातात देताना दर वेळी वाटतं, आता या डोळे उघडतील, माझ्याकडे नीट बघतील आणि म्हणतील, तू न्हाई.