अंदाजकाकांचा चुकलेला अंदाज

अंदाजकाका दुसऱ्याच्या उभ्या पिकात उभं राहून कधीच आकडा बोलले नाहीत. यंदा सोयाबीन किती पिकणार, हे वाशीम-रिसोडच्या धान्य व्यापाऱ्यांना आणि तेलमिलवाल्यांना सांगणं हाच त्यांचा धंदा. हंगामात त्यांचा मोबाईल सारखा वाजायचा. पण शेतात असले की "वावरात आहो, थांबा" म्हणून ठेवून द्यायचे आणि चिखल तुडवत सडकेवर आल्यावरच बोलायचे. मी कृषीची पदवी घेऊन त्यांच्याकडे नुकतीच लागले होते. आमच्या घरातली ती पहिली पदवी, त्यामुळे अंगात ताठा होता. ही अंधश्रद्धा आहे, असं मी सांगून टाकलं. काका हसले. "असन. पन एकरी किती होईन हे मालकाच्या आंधी व्यापाऱ्यानं आयकावं, अन् तेबी त्याच्याच वावरातून, हे बरं दिसते काय वं?"

धुऱ्यावरच्या झाडांकडे ते बघतही नसत. कडेच्या झाडाला ऊन-वारा भरपूर, ते नेहमीच भरघोस दिसतं. "हे लग्नातले कपडे हायेत. घरातले पाहू, चाल," म्हणत ते वावराच्या मधोमध जायचे. झाडं मोजायचे, शेंगा मोजायचे, शेंग उकलून दाणा बघायचे. मालकाआधी निंदणाऱ्या बायांशी बोलायचे. एवढं मोजता तर एक ओळ निंदूनही द्या, असं एकदा एका बाईनं सुनावलं. काकांनी तिचं खुरपं घेतलं आणि खाली बसले. बाया हसून हसून बेजार.

एका वर्षी सोयाबीन कमरेला लागलं होतं. रिसोडकडची शेतं फुलोऱ्यात पाहून काकांनी कळवलं, पीक जोरात आहे. त्या भरवशावर व्यापाऱ्यांनी माल निघायच्या आधीच पुढचे सौदे केले. नेमकी शेंगा भरायच्या वेळेला पावसानं दडी मारली. मी तेव्हा अनसिंगकडे फिरत होते. झाडं हिरवीगार, शेंगा लगडलेल्या. पण उकलावी ती शेंग चपटी. मालकांना विचारून मी काही झाडं उपटली, पोत्यात भरली आणि माझ्या खाली आलेल्या आकड्यासकट एसटीनं वाशीमला आणली. काका टेबलाशी बसून एकेक शेंग उकलत गेले. माझ्या आकड्यात चूक शोधत होते, हे मला दिसत होतं. सापडली नाही. मग ते स्वतः रिसोडकडे पुन्हा फिरून आले. तिथंही तेच.

त्यांनी व्यापाऱ्यांना बोलावलं. मला वाटलं, काका आकडा जरासा खाली आणतील आणि बाकीचं पावसावर ढकलतील. या धंद्यात नाव गेलं की माणूस संपला. पण ते उभे राहिले. "माहा अंदाज चुकला. या पोरीचा बरोबर हाये. आता तिलेच इचारा." आणि जाऊन व्यापाऱ्यांच्या रांगेत बसले.

आता पोरीबाळींच्या आकड्यावर माल घ्यायचा काय, असा एका शेटनं टोमणा मारला. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "शेंग थोडीच पाह्यते शेट, उकलनारा पोरगा हाये का पोरगी."

मी पोतं टेबलावर रिकामं केलं. एक चपटी शेंग उकलून शेटसमोर धरली. मग आकडा सांगितला.

काढणीनंतर आकडा खरा निघाला. ज्यांनी ऐकलं ते सावरले. काकांची काही जुनी गिऱ्हाइकं मात्र तुटली ती तुटलीच. त्याबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि काका लेकाकडे नागपूरला निघाले. स्टँडवर मी विचारलंच, की गुपचूप आकडा बदलता आला असता, तुमचं नाव राहिलं असतं, मग असं कशाला केलंत?

"आकडा बदलला असता, त त्यायनं मलेच इचारलं असतं," काका म्हणाले. "मी त चाललो आता. तुले कोनं इचारलं असतं?"

गाडी लागली. मी त्यांची बॅग वर चढवून दिली.

आता विचारतात, काका.