आग्नेयेला काय चाललंय

एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा जगातल्या एका प्रदेशाचं राजकारण असा एक पेपर निवडायचा होता. आम्हा सगळ्यांना पश्चिम आशिया हवा होता, कारण त्याच्या तयार नोट्स पुण्याहून मिळायच्या. पण तो शिकवणारं आमच्या सोलापूरच्या पदव्युत्तर केंद्रात कुणी नव्हतं. आग्नेय आशिया शिकवणारे एक सर होते, म्हणून आम्ही सात-आठ जण आग्नेय आशियाला बसलो. घरी पेपरचं नाव सांगितलं तर आई म्हणाली, "आग्नेय म्हणजे चुलीची दिशा. तिथलं राजकारण मला विचार की."

सर तरुण होते, नोकरीत अजून कायम झालेले नव्हते. वर्गात नकाशा नसायचा. खडूनं ते फळ्यावर बेटं काढत जायचे आणि हात दुखला की म्हणायचे, "उरलेली समुद्रात आहेत असं समजा." या विषयावर मराठीत पुस्तक नव्हतं. इंग्रजी होतं ते एकच आणि तेही सरांकडे. त्यातला परिच्छेद वाचून ते मराठीत सांगत, शब्द अडला की आम्हाला विचारत. 'गाइडेड डेमोक्रसी'ला मराठीत काय म्हणायचं, यावर एक अख्खा तास गेला. मी मार्गदर्शित लोकशाही सुचवलं. माढ्याकडचा एक जण होता, तो मागून म्हणाला, "सर, कासरा लावलेली लोकशाही म्हणा की. आमच्याकडं बैलालासुद्धा कळंल."

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि फळ्यावर तेच लिहिलं. माझा शब्द पुसला. मला ते लागलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

ते पंच्याहत्तर साल होतं. जूनमध्ये आणीबाणी लागली होती. वर्तमानपत्रात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि चारचौघांत बोलताना लोक आधी आजूबाजूला पाहत. सर मात्र अभ्यासक्रमात होतं तेच शिकवत होते. एका देशात अध्यक्षांनी विरोधकांना तुरुंगात घातलं, छापखान्यांना कुलपं लावली आणि देशाला शिस्तीची गरज आहे असं सांगितलं. सर हे सगळं सरळ चेहऱ्यानं सांगत. आमच्यात खुसखुस सुरू झाली की खडू खाली ठेवून म्हणत, "मी आग्नेय आशियाबद्दल बोलतोय." मग वर्ग आणखीच हसायचा.

ते वाक्य आम्ही उचललं. केंद्राबाहेरच्या टपरीवर चहा घेताना कुणीतरी विचारायचं, "आग्नेयेला काय चाललंय?"

"शांत आहे. फारच शांत आहे."

"पाऊसपाणी?"

"ते अजून सरकारच्या ताब्यात गेलं नाही."

टपरीवाल्याला वाटायचं, आमच्यातल्या कुणाचं तरी गाव आग्नेयेला आहे.

मी तेव्हा सुट्टीच्या दिवशी अक्काकडं जेवायला जायचो. दाजी, म्हणजे तिचे यजमान, कलेक्टर कचेरीत कारकून. साधा माणूस, कुणाचं वाईट न चिंतणारा. मला नोकरी कुठं लागणार याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी. एका रविवारी पानावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय रे, त्या तुमच्या आग्नेय आशियात शिकवतात तरी काय? त्याचा हितं उपयोग काय?"

मला त्यांना हसवायचं होतं. खरं म्हणजे हा अभ्यास बिनकामाचा नाही, आम्ही हुशार आहोत, हे दाखवायचं होतं. म्हणून मी सरांचा आवाज काढला, खडू खाली ठेवण्याची नक्कल केली, आणि वर समजावूनही सांगितलं. "आग्नेय आशिया म्हणजे दिल्ली हो, दाजी. सर बोलतात तिकडचं आणि वाजतं इकडं." दाजींना ठसका लागला. अक्कानं पाणी दिलं.

पुढच्या रविवारी दाजी खुशीत होते. "तुझा तो आग्नेयचा किस्सा आमच्या साहेबांना सांगितला. पोट धरून हसले की रे. कोणते सर म्हणून विचारत होते."

"मग?"

"सांगितलं. एवढा चांगला माणूस, नाव का सांगू नये?"

मी आणखी एक भाकरी मागितली. साहेब हसले होते, हसणारा माणूस काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गात मागच्या बाकावर दोन अनोळखी माणसं येऊन बसली. सरांनी विचारलं, "आपण?" त्यांतला एक म्हणाला, "चालू द्या. ऐकायला आलोय." सरांनी तासभर भातशेती शिकवली. कुणी हसलं नाही. शेवटी ते 'मी आग्नेय आशियाबद्दल बोलतोय' असं म्हणाले नाहीत, कारण त्या दिवशी ते खरोखरच आग्नेय आशियाबद्दल बोलत होते. पुढच्या आठवड्यात त्यांना सकाळी घरून नेलं. मिसा लावला, म्हणजे खटला न चालवता आत टाकलं, असं कानावर आलं. आमच्या वर्गाला कुलूप लागलं आणि पेपरचं तुमचं तुम्ही बघा, असं सांगण्यात आलं.

कुणी सांगितलं, हा प्रश्न त्याच दिवशी टपरीवर निघाला. आणि त्याचं उत्तर सगळ्यांना लगेच सापडलं. माढ्याकडचा तो मित्र पोलीस लाइनीत राहायचा. त्याचे चुलते हवालदार होते. शहरात खोली परवडत नाही म्हणून त्यांच्या दोन खोल्यांत, त्यांच्या चार पोरांबरोबर तो झोपायचा. इतके दिवस आम्हाला याचं काही वाटलं नव्हतं. उलट त्याच्या चुलतीनं दिलेली शेंगाची चटणी आम्हीच संपवायचो.

कुणी त्याला तोंडावर काही विचारलं नाही. तो आला की बोलणं थांबायचं, एवढंच. मग त्याला जमादार म्हणायला लागले. "या जमादार. आज ड्यूटी कुठं?" पहिल्यांदा तो हसला. त्याला वाटलं चुलत्यावरून चाललंय. दुसऱ्यांदा त्याला कळलं. तेव्हा त्यानं सगळ्यांकडं पाहिलं आणि शेवटी माझ्याकडं. मी ग्लासात पाहत होतो. हसलोही होतो.

संध्याकाळी तो माझ्याबरोबर चालत आला. गिरणी सुटली होती, रस्त्यावर सायकलींची गर्दी होती. तो म्हणाला, "चुलता सरळ ट्रॅफिकला हाय रं. त्याला आग्नेय म्हंजे काय त्ये सुदिक ठावं न्हाय." मी हं म्हटलं. तो थांबला. "तुला तरी वाटतं का, मी केलं?"

हा प्रश्न त्यानं दुसऱ्या कुणाला विचारला असता तर त्या माणसाला उत्तर माहीत नसतं. मला होतं.

मी म्हणालो, "मला काय माहीत?"

तो सायकलींमधून वाट काढत निघून गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. आमच्यातला जो खरोखर शिकायला आला होता त्याचं एम.ए. तिथं संपलं.

मी दाजींचं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यांची नोकरी गेली असती, अक्काचा संसार अडचणीत आला असता. हे कारण मी कित्येक वर्षं स्वतःला देत आलो. ते खोटं नाही. पण दाजींचं नाव न घेता 'हा नाही, मी' एवढं म्हणता आलं असतं. मला त्या जागी उभं राहायचं नव्हतं, एवढंच.

सत्त्याहत्तरला निवडणुका झाल्या आणि सर सुटून आले. वाळले होते. परीक्षेला थोडे दिवस होते, तरी त्यांनी राहिलेला भाग शिकवायला घेतला. पहिल्याच तासाला विचारलं, "तो कासरावाला कुठंय?"

सगळे वह्यांत पाहू लागले. मग मी म्हणालो, "त्यानं सोडलं, सर."

"का?"

"घरची अडचण असेल."

सर म्हणाले, "वाईट झालं. शब्द सापडणारा तो एकटाच होता." त्यांनी कुणावर संशय घेतला नाही. पुढं ते गेले, तेव्हा मी खांदा द्यायला होतो. त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी प्राध्यापक झालो. आग्नेय आशिया शिकवतो. 'गाइडेड डेमोक्रसी' आली की फळ्यावर माझा स्वतःचा शब्द लिहितो, मार्गदर्शित लोकशाही, आणि पुढच्या मुद्द्याकडं जातो. मुलं तो उतरवून घेतात.

गेल्या वर्षी एस.टी.नं माढ्याला गेलो. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत त्यानं मला पोत्यावर बसवून ठेवलं. मग मी सगळं सांगितलं, दाजींपासून. त्याचा चेहरा हलला नाही.

"मग मी आता काय करू?" तो म्हणाला.

"काही नाही. सांगायचं होतं."

"मी केलं न्हाय, हे मला तवाबी म्हाईत हुतं. मला सांगून काय उपेग? ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांग की."

मी म्हणालो, सगळे कुठं कुठं पांगलेत, पत्तेही नाहीत.

"तू लिवतोस न्हवं? पेपरात, अंकात येतं तुजं. आमचं पोरगं दाखवतं कवा कवा." तो उठला. दारात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. "लिव. नाव घालू नको माझं, पोरं इचारत बसत्याल. ज्यांनी वाचायचं त्यांना बरोबर कळंल."

चहा त्यानं मागवला नाही. मीही थांबलो नाही.

त्यालाही वर्ष होऊन गेलं. तर त्या टपरीवर तेव्हा असलेलं कुणी हे वाचत असेल, त्यांच्यासाठी: त्यानं कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी.