पितळी गडव्यातला रस

पिंपरीला औषधांचा कारखाना नवाच उभा राहिला होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागलो होतो. राहायला आकुर्डीत, एका शेतकऱ्याच्या घरातली बाहेरची खोली भाड्याने घेतली होती. माझा स्वभाव तसा तिरसट, कोणाच्या घरात नाक खुपसायचं नाही हा बाणा. पण भिंतीपलीकडे लहान पोर रोज सकाळी ओकायला लागलं की बाणा कुठवर टिकणार?

पोर घरमालकाच्या सुनेचं, दोन-अडीच वर्षांचं. तापातून उठलं होतं आणि अंगात शक्ती यावी म्हणून डॉक्टरांनी मोसंबीचा रस सांगितला होता. सून रात्रीच रस काढून ठेवायची आणि पहाटे शेतावर जाण्याआधी पोराला पाजायची. थोड्या वेळात सगळं बाहेर. पोर वाळत चाललं. सासू तोंडाने फटकळ. हिच्या हाताला गुण नाही, असं आल्यागेल्याला सांगायची. सून मान खाली घालून ऐकायची. मला तिची फार दया यायची आणि म्हातारीचा रागही.

शेवटी मीच सुनेकडून रात्रीच्या रसातला बाटलीभर रस आणि दोन मोसंबी मागून घेतली. फळांवर कसलं तरी विषारी औषध मारलेलं असणार, असा माझा शहाणा अंदाज. प्रयोगशाळेत रस आटवला, जाळला, राख आम्लात विरघळवून त्यात तांबं ओळखायचं रसायन टाकलं, तर रंग तपकिरी झाला. म्हणजे तांबं. मग ती मोसंबी काचेच्या भांड्यात पिळून तपासली. त्यात काहीच नाही. फळं बिचारी निर्दोष होती.

संध्याकाळी रसाचं भांडं बघायला मागितलं. पितळी गडवा, आतूनसुद्धा सोन्यासारखा पिवळा. आजारी लेकराचं भांडं म्हणून सून तो रोज चिंच आणि राख लावून घासायची, अगदी तळापर्यंत. तिच्या स्वच्छतेचं आळीत कौतुक होतं. त्या घासण्यानंच आतली कल्हई निघून गेली होती, आणि आंबट रस रात्रभर उघड्या पितळेला लागून त्यातलं तांबं रसात उतरत होतं.

मी हे सासूसमोरच सांगितलं. सुनेनं गडवा उचलून आतून बोट फिरवून बघितलं.

“म्हंजी मीच पाजत हुते व्हय, दादा?”

तुमचं काही चुकलं नाही, भांड्याचं चुकलं, असं मी म्हणालो. म्हणालो खरा, पण ते माझं मलाच पोकळ वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून रस ताजा, काचेच्या पेल्यात. तो पोराच्या पोटात ठरू लागला आणि हळूहळू ते अंगणात पळायला लागलं. सासूचं तोंडही निवळलं. पण त्या माउलीचा स्वतःवरचा विश्वास काही परत आला नाही. पोराला काहीही द्यायचं, अगदी साधं पाणी, तरी आधी स्वतः घोटभर प्यायची, जरा थांबायची, मग द्यायची. पोराला वाटलं असणार, रीतच अशी असते. एकदा ती शेतावर असताना सासूनं त्याच्या हातात दुधाचा पेला दिला. त्यानं तो परत आजीच्या तोंडाकडे लोटला आणि म्हणाला, “आदी तू.”