मंडपाची शेवटची गाठ

डोंगरपायथ्याच्या अमिझमिझ गावच्या बाजारात सी अय्याद मंडपवाल्याचं नाव निघालं की माणसं आधी हसायची आणि मग बोकडाची गोष्ट सांगायची. एका लग्नात नवरदेवाच्या मामाचा बोकड दावं तोडून आला, मंडपाच्या मधल्या खांबाला निवांत पाठ घासायला लागला, आणि अख्खा मंडप वऱ्हाडाच्या डोक्यावर अलगद उतरला. चाळीस माणसं कापडाखाली चाचपडतायत, आणि आत डफ मात्र चालूच! अय्याद बाहेरून ओरडत होता, "बसून राहा रे, जागचे हलू नका! कापड आहे ते! कापडाखाली कुणी मेलंय का आजवर?"

या वाक्यावर लोक वर्षानुवर्षं हसले. पुढे तेच वाक्य अय्यादच्या मानगुटीवर बसलं, पण ते नंतरचं.

माणूस बुटका, बडबड्या, तळहात दोरांनी सोललेले. त्याचे बारा मंडप होते. अख्खं गाव मावेल असा त्यात एकच, सगळ्यात मोठा: पांढरा, बाहेरून काळ्या भाल्यांची नक्षी, आतून लाल-हिरवं अस्तर. हा मंडप त्याच्या बापाचा. बापानं मंडपाबरोबर एक रीतही दिली होती: खांब आपण उभे करायचे, खुंट्या आपण ठोकायच्या, पण दोराची शेवटची गाठ यजमानाच्या हातून बांधून घ्यायची. गाठ पडली की मंडप यजमानाचा. त्याखाली बसलेल्या प्रत्येक जिवाची काळजी त्याची. सोडवतानाही ती गाठ यजमानच सोडणार. गावाकडची लग्नं या रीतीवर चालत. कागद नाही, सही नाही. अक्रोड झोडून झाले की अमुक शुक्रवार, एवढं बोलणं झालं की झालं.

शहरातलं काम निराळं. माराकेशमधला इद्रीस नावाचा एक पोरसवदा दलाल त्याला पाहुण्यांच्या जेवणावळी मिळवून द्यायचा. तिथं मिनिटामिनिटाचा हिशेब. सूर्य मावळताना सरबत, अंधार पडताना कंदील. सूर्य थांबेल, पण इद्रीस थांबायचा नाही.

त्या सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दोन्ही कामं एकावर एक आली. वर डोंगरात, तागादिर्त गावात, दा हम्मूच्या लेकीचं, तुदाचं लग्न. आणि खाली दगडी माळावर कुठल्याशा परदेशी कंपनीच्या दीडशे माणसांचं जेवण.

इद्रीस फोनवर म्हणाला, "मोठा मंडप पाहिजे. काळ्या भाल्यांचा. त्यांनी फोटो बघितलाय."

"तो लग्नाला चाललाय."

"लग्न काय, शनिवारी लागेल. माझे पाहुणे शनिवारी विमानात असतील."

अय्याद बरं म्हणाला. या धंद्यात सगळेच म्हणत. डोंगरातली माणसं थांबतात, शहरातली थांबत नाहीत, हे धंद्यातलं पहिलं शहाणपण. गुरुवारी त्यानं दा हम्मूला फोन लावला. "दा, लॉरी बिघडली. एक दिवस पुढं ढकलता येईल का?"

दा हम्मू सत्तरीचा, मेंढरांत आयुष्य गेलेला. हसून म्हणाला, "अरे, तुदा एकोणीस वर्षं थांबली, आणखी एक दिवस थांबेल! तुझ्या लॉरीला ओव्याचा काढा पाज."

शुक्रवारी रात्री अय्याद दगडी माळावर मंडपाच्या दोरांजवळ बसला होता. अकरा वाजून गेलेले. जमीन गुरगुरली आणि मग गाढवानं अंग झाडावं तशी झडझडली. ग्लास कलंडले, कंदील हेलकावे खाऊ लागले, बाया किंचाळल्या. मंडप डोलला, फुगला, आणि तसाच उभा राहिला. दीडशे माणसांतल्या एकाला ओरखडा नाही. एक पाहुणा तर थरथरत अय्यादला मिठी मारून कायकाय बोलत सुटला. अय्याद त्याच्या खांद्यावरून डोंगराकडे बघत होता. तिकडे एक दिवा दिसत नव्हता.

आता, तागादिर्तमध्ये लग्नाच्या रात्री घरात कोण असतं? कुत्रंसुद्धा नसतं! डफ तापवायचे, बाया एका रांगेत, पुरुष समोरच्या रांगेत, आणि पहाटेपर्यंत अहवाशचा नाच. म्हाताऱ्यांना उचलून आणून मंडपात बसवतात. त्या रात्री लग्न नव्हतं. त्या रात्री गाव कापडाखाली नव्हतं, मातीच्या छपराखाली झोपलं होतं.

अकरा माणसं गेली. त्यात तुदाची आई, लल्ला यामना. उद्याच्या लग्नाची भाकरी लवकर भाजायची म्हणून त्या दिवशी लवकर निजलेली.

पुढचे दिवस अख्ख्या माराकेशनं असे कधी पाहिले नव्हते. हॉटेलांचे पाहुणे पोहण्याच्या तलावांकाठी चादरी अंथरून झोपले, आणि उजाडल्यावर रक्त द्यायला रांगेत उभे राहिले. वाळवंट दाखवणाऱ्या गाड्यांतून पाण्याच्या बाटल्या आणि घोंगड्या वर निघाल्या. हॉटेलचे आचारी, ज्यांना एका ताटलीत तीन गाजरं मांडायला अर्धा तास लागायचा, ते हंडे भरभरून मसूर शिजवू लागले. गिर्यारोहणाचे वाटाडे खेचरं घेऊन अशा गावांत शिरले, जिथं रस्ता उरला नव्हता. एकीकडे फोनवर कामं रद्द होत होती, आणि दुसरीकडे हीच माणसं पाहुण्यांच्या विनवण्या करत होती, "येत नाही म्हणू नका हो. तुम्ही नाही आलात तर आम्ही खायचं काय?"

अय्यादनं कुणाला विचारलं नाही. बाराच्या बारा मंडप वर नेले. मोठा मंडप सहा खेचरांवर लादून सोमवारी तागादिर्तला पोचला. खांब उभे केले, खुंट्या ठोकल्या. शेवटचा दोर हातात घेऊन तो नुसताच उभा राहिला. दा हम्मू पुढं आला. त्यानं सवयीनं दोर घेतला, गाठ मारली आणि अय्यादच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"देव तुझं भलं करो. तुझी लॉरी बिघडली नसती तर मंडप शुक्रवारीच आला असता, हे मला कळतं. पण त्याच्या मनात नव्हतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

अय्याद खेचरांकडे वळला. चहाही न पिता तो उतरला.

तेव्हापासून त्याला डफ ऐकू येऊ लागले. वारा कापडात भरला की डफ. दोर ताणला की डफ. बाजारात कुणी ताडपत्री झटकली की लांबवर बायांची रांग गायला लागायची, आणि त्यात लल्ला यामनाचा चिरका आवाज वेगळा ओळखू यायचा. बायको म्हणाली, "कानात तेल घाल." त्यानं घातलं. डफ तेलातूनही वाजले.

पाच आठवडे झाले आणि इद्रीसचा फोन आला. "परिषद आहे, सी अय्याद! जगातून माणसं येणार. रद्द होईल वाटत होतं, नाही झाली. शहर उभं आहे हे दाखवायचंय. सगळे मंडप खाली आण. मोठा तर पहिल्यांदा."

"त्यात माणसं राहतात."

"त्यांना सरकारी तंबू आलेत ना! आणि हे बघ, पाहुणे आले तरच डोंगरात पैसा जाईल. मी काय एकट्याच्या पोटासाठी बोलतोय?"

त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. अय्याद लॉरी घेऊन वर गेला.

दा हम्मू मंडपाच्या दारात हातोडीनं साखरेचा सुळका फोडत बसला होता. आत बायांनी घोंगड्या टांगून चुली मांडल्या होत्या. तुदा कणीक मळत होती. अय्यादनं येण्याचं कारण सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, "ने बाबा. तुझी भाकरी आहे ती. आम्ही सरकारच्या निळ्या तंबूत जाऊ. तू पाच आठवडे दिलास, ते काय थोडे झाले? चल, गाठ सोडून देतो." आणि मग हसून, "लॉरी नीट चालते ना आता?"

तेवढ्यात वारा आला आणि कापड फुगलं.

"लॉरी बिघडली नव्हती, दा," अय्याद म्हणाला.

हातोडी थांबली.

"बिघडली नव्हती. मंडप खाली नेला होता. परक्यांच्या जेवणाला. त्या रात्री तो उभा होता. दीडशे माणसं त्याखाली होती, आणि एकाला काही झालं नाही."

तुदाचे हात कणकेत तसेच राहिले. आत एक मूल रडत होतं, तेही कुणीतरी उगी केलं. दा हम्मू गुडघ्यावर हात टेकत उठला, दोराशी गेला आणि आपण मारलेली गाठ सोडू लागला. पाच आठवड्यांत ती आवळली होती. म्हाताऱ्याला दात लावावे लागले. गाठ सुटली तशी मंडपाची ती बाजू खाली आली, आणि आतल्या बाया उभ्या राहिल्या.

अय्यादला वाटलं, आता हाकलणार. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्यानं दोर त्याच्या हातात दिला. "बांध."

"दा..."

"बांध म्हणतो ना! आजपासून यजमान तू. ही जेवढी माणसं आत आहेत, ती तुझी. यांची घरं होतील तेव्हा सोड."

अय्यादनं गाठ मारली. हजारो गाठी मारलेला तो हात, पण ती त्याला तिसऱ्यांदा जमली. त्या दिवशी मात्र कुणी चहा विचारला नाही.

खाली येऊन त्यानं इद्रीसला सांगितलं, मोठा मंडप मिळणार नाही.

"डोकं फिरलंय का? यजमानाला सांग, गाठ सोड म्हणावं!"

"यजमान नाही म्हणतो."

घरं उभी राहायला दोन वर्षं लागली. तुदाचं लग्न मधेच केव्हातरी, डफाशिवाय, खजूर वाटून लागलं. मंडप उन्हाबर्फानं इतका विटला की शहरात तो कुणी फुकटही उभा करू दिला नसता. अय्यादनं गाठ सोडली, मंडप घरी नेला. पण सप्टेंबरातला तो दिवस आला की तो कुठलंही काम घेत नाही. विटका मंडप लॉरीत टाकतो, वर जातो, उभा करतो आणि शेवटची गाठ स्वतः बांधतो. त्या रात्री तागादिर्तमध्ये कुणी घरात झोपत नाही. नव्या सिमेंटच्या घरांना कुलपं लावून म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, सगळी मंडपाखाली येऊन आडवी होतात. अय्याद दोराजवळ जागा बसतो. सगळे घोरतात, त्याच्या कानात डफ वाजत राहतात.

माफ केलं का, हे दा हम्मूनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. गेल्या वर्षी तो वारला.

चहा आता तुदा आणते. कडेवर पोर, हातात किटली. ग्लास त्याच्यापुढं ठेवते आणि दरवर्षी एकच विचारते. रागानं नाही, हसूनही नाही. कुशल विचारावं तसं.

"लॉरी ठीक आहे ना, सी अय्याद?"

तोही दरवर्षी तेच सांगतो.

"ठीक आहे, पोरी. तेव्हाही ठीकच होती."