रिकाम्या चॅनेलवरची वाडी

माझी सगळी नोकरी टीव्हीच्या टॉवरखाली गेली. टेकडीवर एक बसकी इमारत, तिच्या मागे उंच मनोरा आणि आत घरघरणारा ट्रान्समीटर. दिल्ली-मुंबईचं चित्र उपग्रहावरून घ्यायचं आणि आसपासच्या गावांत सोडायचं, एवढंच आमचं काम. बाजारात मला नावाने कोणी ओळखत नसे, मी ‘टीव्हीवालो’ होतो. मग घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, त्यांच्यामागून मोबाइल आले, आणि आमचं चित्र कोणी बघेनासं झालं. एक दिवस वरून आदेश आला आणि मीच ट्रान्समीटरचा खटका खाली ओढला. दुसऱ्या दिवशी कोणाचाही तक्रारीचा फोन आला नाही. त्याचं मला फार लागलं, असं आता वाटतं. तेव्हा फक्त दमल्यासारखं झालं होतं.

निवृत्त झाल्यावर गुडघे, रक्तदाब आणि परसातली माडाची चार झाडं एवढाच व्याप उरला. त्यात एका सकाळी एक मुलगी दारात उभी राहिली. नागपूरकडची, एका इंजिनिअरिंग संस्थेतली. पाठीवर भलीमोठी पिशवी. म्हणाली, “काका, तुमचे जुने चॅनेल रिकामे पडलेत ना, त्यांच्यावरून आम्हाला इंटरनेट सोडून बघायचंय.”

तिने पडवीत बसून समजावून सांगितलं. टीव्हीसाठी हवेत ज्या वाटा राखून ठेवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा आता वापराविना आहेत. मोबाइलची लहर डोंगराला अडते, झाडोऱ्यात जिरते. टीव्हीची लहर लांब पल्ल्याची, ती टेकडीच्या कडेवरून वाकते, आंब्या-फणसाच्या पानांतून पार जाते. म्हणजे टॉवरवरून इंटरनेट त्या वाटेने एखाद्या अडचणीतल्या वाडीपर्यंत न्यायचं आणि तिथे एका डब्यातून वायफाय म्हणून वाटायचं. परवानगी प्रयोगापुरती मिळाली होती. तिला डोंगर आणि माणसं ओळखणारा कोणीतरी हवा होता.

“निवृत्त झालात ना तुमी?” आतून बायको म्हणाली. मुलीला कळावं म्हणून मोठ्याने म्हणाली.

मी गेलो. का गेलो, ते नीट सांगता येणार नाही. कोणीतरी माझ्या टॉवरचं नाव काढलं, हेच कारण असावं.

वाडी आम्ही निवडली ती आचऱ्याकडच्या खाडीच्या काठची. वर कातळाचा सडा, खाली खाडी आणि मध्ये उतारावर माडा-पोफळींत लपलेली घरं. रस्ता सड्यावरच संपतो, तिथून पुढे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. मोबाइलला रेंज हवी तर ती पाखाडी चढून सड्यावर यायचं. रेशनचा अंगठा, पेन्शनीचा दाखला, मुंबईतल्या मुलाशी बोलणं, सगळं त्या सड्यावर, उन्हात. म्हातारी माणसं चढायचीच नाहीत.

डबा कुठे बसवायचा, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, देवळाच्या मंडपात. देऊळ सगळ्यांचं, त्यावरून वाद होणार नाही. मुलीने मान डोलावली आणि आम्ही बांबूवर अँटेना बांधून देवळापाशी उभे राहिलो. काही मिळेना. देऊळ कड्याच्या अगदी पोटाशी होतं, तिथे माझी टीव्हीची लहरसुद्धा वाकून पोचत नव्हती. मग ती मुलगी बांबू खांद्यावर घेऊन घरामागून घर फिरली आणि मी तिच्यामागे गुडघे धरून चालत राहिलो. शेवटी एका घरापुढच्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, तिच्या हातातल्या यंत्रावर आकडे चढले. तिथून वर बघितलं तर सडा थोडा खचलेला होता आणि त्या खाचेतून टॉवरच्या दिशेचं आभाळ दिसत होतं.

माझं तोंड उतरलं. कारण ते घर कोणाचं, हे मला ठाऊक होतं.

तिथे एक विधवा बाई एकटी राहायची. साठी ओलांडलेली, मुलगी लग्न होऊन कुडाळला. शेजारच्या घरात तिचा धाकटा दीर आणि जाऊ. दोन घरांमधून विहिरीकडे जाणारी वाट होती. त्या वाटेवरून भावाभावांत वाजलं, दिराने मध्ये दगडांचा गडगा घातला आणि प्रकरण मालवणच्या कोर्टात गेलं. थोरला भाऊ वारला तेव्हा धाकट्याने येऊन खांदा दिला आणि न बोलता परत गेला. त्यानंतर दोन्ही घरांत शब्द नव्हता. वाडीतली माणसं शहाणी, म्हणजे त्यांनी दोन्हीकडे जाणं टाळलं. डबा तिथे बसवायचा म्हणजे अख्ख्या वाडीला तिच्या खळ्यात आणून बसवायचं.

नागपूरच्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने पाणी मागितलं. बाईने पाणी दिलं, गूळ दिला, आणि बांबूकडे बघून विचारलं, “ह्या काय?”

मी सांगितलं. लोक येतील, बसतील, त्रास होईल, हेही सांगितलं. ती नको म्हणेल तर बरं, असं मनात कुठेतरी होतं.

“लावा,” ती म्हणाली. “माका खंय अडचण आसा? फक्त चपला घालून खळ्यात येवचा नाय कोणी.”

डबा लागला, छपरावर सोलरची पाटी लागली, माडाच्या उंचीच्या लोखंडी पाइपावर अँटेना उभी राहिली. पहिले काही दिवस कोणी आलं नाही. मग एकजण रेशनकार्डाच्या कामाला आला, मग कोणाचीतरी सून मुंबईला व्हिडिओ कॉल करायला आली. पुढे संध्याकाळी खळं भरायला लागलं. खळ्याच्या कडेला चपलांची रांग. बाई मध्ये बसून सुपात तांदूळ निवडायची आणि सगळ्यांचे कॉल ऐकायची. अँटेना वाऱ्याने फिरली की मला बोलावणं यायचं. मी पाखाडी उतरायचो, पाइप सरळ करायचो आणि परत चढताना ठरवायचो की पुढच्या वेळी येणार नाही.

दीर मात्र खळ्यात येत नसे. तो गडग्याच्या पलीकडे उभा राहून फोन वर धरायचा. लहर गडगा ओलांडून जेमतेम दोन पावलं जायची, तेवढ्यात तो आपलं काम उरकायचा. बाईला दिसायचं. एकदा ती सूप आपटत, कोणाकडेही न बघता म्हणाली, “उन्हात उभो ऱ्हवलो तर पित्त होतला. कोणीतरी सांगा.” कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, तो चार हातांवर होता.

त्याच्या बायकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन गोव्यात झालं होतं. टाके बरे झाले, पण अन्न जाईना. डॉक्टरांना दाखवायला परत गोव्याला न्यायचं तर आधी पाखाडी, मग रिक्षा, मग पुढचा प्रवास. एकदा नेलं तेव्हा ती आठ दिवस उठली नाही. गावातली आशाताई आरोग्याचं काम बघायची, तिने खटपट केली. डॉक्टर व्हिडिओवर बघायला तयार झाले.

दीर माझ्या घरी आला. आमच्या घरी तो पहिल्यांदाच येत होता. पडवीत कडेला बसला आणि बराच वेळ माडांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “थोडी वायर वडून माझ्या घराक देवा. खर्च काय तो मी करतंय.”

वायर तिच्या जागेवरून न्यावी लागली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खाली उतरलो आणि बाईला विचारलं. ती चुलीपाशी होती. तिने लाकूड पुढे सारलं, फुंकर घातली.

“वायर नको,” ती म्हणाली. “तिका हाडा हयसर.”

मी गडग्यापलीकडे जाऊन निरोप दिला, तिलाच इकडे आणा म्हणून. दीर म्हणाला, “ती येवची नाय.” त्यावर आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, “मी जातलंय.”

ठरल्या दिवशी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी उचललं. सरळ गेलं तर एवढंसं अंतर, पण मध्ये गडगा. म्हणून पाखाडीवरून खाली, देवळाला वळसा घालून पुन्हा वर, असं आणावं लागलं. बाईने पडवीत गोधडी घालून ठेवली होती. धाकटीला तिच्यावर निजवलं. दोघी जावा एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी डब्याची बत्ती बघत होतो, मलाही कुठे बघावं कळत नव्हतं. दीर गडग्यापलीकडे, एक हात दगडावर ठेवून.

आशाताईने फोन धरला. डॉक्टरांचा चेहरा आला, जरा थबकत, पण आला. तरुण होते. शुद्ध मराठीत विचारत होते, “जेवण जातं का? किती जातं?”

धाकटी म्हणाली, “जातं.”

“खोटा बोलता,” गडग्यावरून आवाज आला.

“दिवसभरात काय काय खाता ते सांगा,” डॉक्टर म्हणाले. धाकटीने तोंड फिरवलं. तेव्हा थोरली पुढे सरकली, पदर खोचला आणि तिच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “काय खातस ता सांग गो तेका. लाजतस कित्याक?”

इतक्या वर्षांनी तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द. धाकटी रडायला लागली. डॉक्टर गोंधळले, त्यांना वाटलं पोट दुखतंय. त्यांनी कुठे दुखतं, कसं दुखतं, ते विचारलं, औषध बदललं, पुढच्या आठवड्यात परत बोलू म्हणाले. कॉल संपल्यावर थोरलीने उकड्या तांदळाची पेज आणली आणि चमच्याने भरवली. थोडी गेली. खुर्ची उचलायला माणसं आली तेव्हा थोरली म्हणाली, “ऱ्हवांदे. उन्हां उतारल्यार न्हेवा.”

मग दर आठवड्याला खुर्ची यायला लागली. दीर आपला गडग्यापाशीच.

पावसाळ्याच्या तोंडाशी ती मुलगी परत आली. या वेळी पाठीवर पिशवी नव्हती. पडवीत बसून तिने चहा घेतला आणि मग म्हणाली, “काका, परवानगीची मुदत संपली. वाढवून मागितली होती, नाही मिळाली. यंत्रं परत न्यायची आहेत.”

“चालतंय की ते,” मी म्हणालो.

“चालतं हे दाखवायलाच प्रयोग होता,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. अशा आणखी वाड्यांतून यंत्रं काढून ती आली होती. तिच्याशी भांडावंसं वाटेना.

बाईला मीच सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दिलात ता परत घेवक इल्यात.”

कंत्राट, परवाना, वरचे लोक, हे शब्द त्या खळ्यात उच्चारायची मला लाज वाटली. आम्ही पाइप उतरवला, अँटेना उकलली, डबा खोक्यात भरला. मुलीने बाईचे हात धरले. बाईने तिला नारळ दिला आणि आत गेली. ती पोरगी पाखाडी चढताना एकदाही थांबली नाही. मी तीनदा थांबलो.

पावसात मी तिकडे गेलो नाही. जाण्यासारखं कारण उरलं नव्हतं. बाजारात वाडीतलं कोणी भेटलं की विचारायचे, परत कधी लावणार. मी म्हणायचो, बघू. पुढेपुढे तेही विचारेनासे झाले. ज्याला त्याला सड्याची सवय होती.

चतुर्थीनंतर आशाताई भेटली. धाकटी गेल्याचं तिने सांगितलं. शेवटी गोव्याला नेलंच होतं, पण उशीर झाला होता. नेट असतं तर वाचली असती का, असं मी विचारलं. आशाताई म्हणाली, “काय म्हायत नाय. डॉक्टर पण सांगूक शकत नाय.” तिने उगाच माझं समाधान केलं नाही, हे बरं झालं.

मी भेटायला गेलो. निसरड्या पाखाडीवरून काठी टेकत उतरलो. दीर पडवीत बसला होता, दाढी वाढलेली. त्याच्या घरासमोरच्या गडग्याला खिंडार पडलं होतं. दगड एका बाजूला रचून ठेवले होते, नीट, एकावर एक. मी बघतोय हे त्याला दिसलं.

“वयनी रोज येय,” तो म्हणाला. “पेज घेवन, वळसो घालून. पावसात पाय सरकलो तिचो. मगे काडलंय दगड.”

“आणि कोर्ट?”

“केस आसा तशी आसा. तारीख पडता.”

मला हसू आलं नाही, त्यालाही नाही. थोड्या वेळाने त्याच खिंडारातून थोरली चहाचे कप घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला, एक दिरापुढे. त्याच्याशी काही बोलली नाही. त्याने कप घेतला. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि मला म्हणाली, “शेवटी शेवटी दोघी बसान खूप बोललों. कायच्या काय. तुमच्या त्या डब्याशिवाय.” हे टोमणा म्हणून बोलली की आभार म्हणून, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत निघालो. सड्यावर पोचल्यावर खिशातला फोन वाजायला लागला. बायकोचे दोन कॉल राहिले होते आणि एक त्या मुलीचा. कातळावर बसून आधी बायकोला कळवलं, येतोय म्हणून. मग मुलीला लावला. कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या खोऱ्यात नवीन परवानगी मिळाल्याचं ती सांगत होती. इथल्या नोंदींचा तिथे उपयोग होतोय म्हणाली. मी धाकटीचं सांगितलं.

“तुम्ही थकलात का काका?” तिने मग विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “तू?”

“मीपण,” ती म्हणाली, आणि उद्या पहाटे तिला कुठला डोंगर चढायचा आहे ते सांगू लागली. वारा सुटला होता, तिचे अर्धे शब्द मला ऐकू येत नव्हते. तरी मी फोन कानाला लावून बसून राहिलो.